नोरीनची सही

१२ फेब्रुवारी
कॅम्पचे ऑफिसवाले आमच्या मेल वाचतात. खात्रीच झाली. बॉइडचा हात मशिनच्या फिरत्या पट्ट्यात गेला त्या दिवसाचं मी त्याच्या बायकोला, नोरीनला, लिहिलं होतं — पट्ट्यावरची संरक्षक जाळी बॉइडने नाही काढली, फोरमन क्रॅडॉकने काढायला लावली, मी तिथेच उभा होतो. आज नाश्त्याच्या रांगेत क्रॅडॉक म्हणतो, "काय रे क्लेटन, तू तिथेच उभा होतास म्हणे?" माझीच ओळ, माझ्याच तोंडावर.
कंपनी म्हणते चूक बॉइडची, भरपाई नाही. नोरीन तिकडे घरी, न्यूफाउंडलंडला, एकटी भांडतेय. मी गप्प बसणार नाही.

१५ फेब्रुवारी
माझ्या खोलीतला ल्युसियन त्याच्या लॅपटॉपवर मेलला कुलूप लावायला शिकवतो. दोन किल्ल्या. एक जगाला वाटायची, तिने नुसतं कुलूप लागतं. दुसरी आपली, उघडायला आणि सही करायला. सही केल्यावर कुणी एक अक्षर हलवलं तरी कळतं.
"नववी नापासाला समजलं?" त्याने विचारलं.
"तुझ्यापेक्षा बरं."
नोरीनच्या थोरल्या मुलीने तिकडे आईला हेच बसवून दिलं. नोरीनने फोनवर स्वतःच्या किल्लीची खूण वाचली, चाळीस अक्षरं, एकेक; मी इकडे ताडून पाहिली. मागून बॉइड — "सावकाश गं, तो मागच्या बाकावरचा आहे."

१९ फेब्रुवारी
कुलूपबंद मेल गेली. आता वाच म्हणावं!

२० फेब्रुवारी
वाचलं त्यांनी. मेलच्या विषयाच्या ओळीला कुलूप लागत नाही. मी तिथे लिहिलेलं — 'जाळी कोणी काढली, माझी साक्ष'. ल्युसियन पोट धरून हसला. "माठ्या, पेटीला कुलूप लावलंस नि आतलं सामान झाकणावर लिहिलंस."
क्रॅडॉकने मला बाहेर बर्फ फोडायला धाडलं. उणे चौतीस. पापण्या चिकटतात. चिकटू देत. यापुढे विषय — 'हवामान'.

२६ फेब्रुवारी
नोरीनच्या नावाने मेल. "क्लेट, आम्ही तक्रार मागे घेतोय. तू काही लिहू नकोस." कुलूप नाही, सही नाही. हे तिचं नव्हेच. ऑफिसातच कुणीतरी टाइप केलंय. उलट लिहिलं — सही करून पाठव, तरच मानेन. नोरीन फोन उचलत नाही.
ल्युसियन म्हणाला, "आणि सही आली तर?"
"येणार नाही."

१ मार्च
आली. तीनदा तपासली. सही तिचीच. "कंपनीवाले बॉइडला बसून करायचं काम देतायत, पण तक्रार सोडली तरच. तीन पोरं आहेत रे. रागावू नकोस."
जेवलो नाही.

२ मार्च
क्रॅडॉकने आज मला बॉइडच्या जागी उभं केलं. जाळी अजून बसवलेली नाही. संध्याकाळी सगळी हकीकत सरकारी तपासनीसाला पाठवली. कुलूप लावलं नाही. खाली सही केली, माझी.