तांब्या तुझ्या घरात ठेवायचा होता

प्रिय आत्या,

पण तू तरी का गप बसलीस? चार शिव्या हासडायच्या, कानाखाली द्यायची! तू नुसता पदर सावरून निघून गेलीस अन् मला वाटलं, जिंकलो. तुला देवाघरी जाऊन वर्ष झालं, तरी मनात तुझ्याशी भांडतच होतो. काल ते भांडण मी हरलो, म्हणून लिहून राह्यलो.

आठवतं? गावाच्या नव्या विहिरीत मी सुरुंगाचे बार उडवायचो. तू ओढ्याकडून तरातरा आल्तीस. "बबन्या, माझी भिंत फाटली रे!" मी हसलो. विहिरीला खेटून नामातात्याचं घर, त्याचा पोपडा निघाला न्हाई, अन् तुझी लांबची भिंत फाटती? मंग मी तात्याच्या घरात तांब्या काठोकाठ भरून ठेवला. बार उडाला. थेंब सांडला न्हाई. "बघा! ठेकेदाराकडून पैसे काढायला खोटं बोलून राह्यली!" सगळ्या गावासमोर म्हणालो.

तू म्हणालीस, "माझ्या घरात ठेव की तांब्या!"

दोनशे पावलं, आत्या. तेवढीही चाललो न्हाई.

वरून 'भेगाबाई' नाव पाडलं. कुंभार पिंपळगावच्या बाजारात पोरं त्याच नावानं हाका मारायची. तू बाजार का सोडलास, मला कळत नव्हतं का? बराबर कळत होतं.

आता मी राजस्थानात, जमिनीखाली तेल शोधणाऱ्या टोळीत आहे. खोल भोकात बार उडवायचा अन् हादरा कुठं किती पोचला ते मोजायला ओळीनं यंत्रं खोचायची. काल खडकावरच्या यंत्रानं, तेही बाराच्या जवळच्या, बारीक झटका दाखवला. लांबचं, जुन्या नदीच्या गाळातलं, कितीतरी वेळ डुलत राह्यलं. मी म्हणालो, "मॅडम, हे खोटं दाखवतंय."

आमच्या नागपूरच्या मॅडम उन्हात तिथवर चालत गेल्या, यंत्र बदलून आल्या. दुसऱ्या बारालाही तसंच!

मंग त्यांनी परातीत पाणी घेतलं अन् टिचकी मारली. परात लगेच थांबली, पाणी हिंदकळत राह्यलं. "खडक ही परात, गाळ हे पाणी. गाळात शिरला की हादरा हळू होतो पण मोठा होतो, कडेला आपटून परत फिरतो."

तात्याचं घर खडकावर. तुझं ओढ्याच्या गाळावर. एवढंच होतं गं! एका यंत्राचं खरं-खोटं करायला माणूस उन्हात गेला. तुझ्यासाठी सख्खा भाचा उठला न्हाई. मला तिथं मान वर करवेना.

दिवाळीला गावी येतो. विहिरीवर तात्याला, सगळ्यांना बोलावून सांगतो, आत्या खरी होती, खोटा मी होतो. कुणी हसलं तर हसू दे. तुझ्या लेकीला, मंदीला, ती भिंत पाडून पक्की बांधायला सांगितलंय. पगारातून माझा खर्च काढून उरलेले सगळे तिच्या खात्यात टाकतोय. अकरा हजार चारशे रुपये.

तुला खोटी पाडणारा,
तुझाच बबन