माळावरचा पांढरा चौकोन

कोल्हेमाळ, ५ जानेवारी १९७३

चि. पुष्पावती हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सारे खुशाल, असे लिहायची रीत आहे. पण मी खोटे लिहिणार नाही. परवा दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या चरात, गोजरबाईच्या कुदळीखाली लोखंड वाजले आणि फुटले. उजव्या हाताची बोटे अंगठ्यासकट गेली. ओव्हरसियरने लिहून टाकले की बाईने घरच्या विहिरीचा सुरुंग पदरात लपवून आणला होता. जिच्या पदरात दोन वेळची भाकर नाही, तिच्या पदरात सुरुंग! वर हजेरीपटावरून नाव खोडले.

लढाईच्या वर्षांत या माळाला काटेरी तार घालून गोरे सोजीर बसले होते, हे सारा गाव सांगतो. मी तेव्हा तुरुंगात होतो, आणि तारेच्या आत गावातले कोणीच गेले नाही. पुढे बराकी मोडल्या, पत्रे लिलावात गेले. आता तालुका कचेरी म्हणते, इथे नुसते तंबू होते, दारूगोळा कधीच नव्हता. बावीस तारखेला तीनशे माणसे पुन्हा त्याच चरात उतरवणार आहेत.

तुझ्या नकाशांच्या कचेरीत विमानातून काढलेले त्या काळचे फोटो आहेत, असे तू दिवाळीत म्हणाली होतीस. गोळे कुठे पुरले ते शोधून काढ.

तुझी मामावर माया आहेच, या वेळी तिला जरा राबव.

तुझा मामा,
काकासाहेब

*

पुणे, १० जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस पुष्पावतीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच जुनी कपाटे धुंडाळली. चव्वेचाळीसच्या मार्चमधले दोन फोटो सापडले. ते शेजारी ठेवून जोडभिंगातून पाहिले की सपाट जमीन उठून उभी राहते. बराकींच्या दोन रांगा दिसतात. ओढ्याच्या अलीकडे सहा गोल आहेत, प्रत्येकाच्या मधोमध ठिपका. आमच्या शिकवणीत असा गोल म्हणजे तोफेचा खड्डा. गोळेही जवळच असणार. तिथून माणसे हलवा. फोटो बाहेर देता येत नाही, म्हणून हाताने काढलेला नकाशा धाडते. माझे नाव घेऊ नका, नोकरी जाईल. आणि सभेत फार ओरडू नका. आई म्हणते, तुमच्या भाषणाने घरच्या कोंबड्या खुडूक होऊन अंडी द्यायच्या थांबायच्या.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली,
पुष्पा

*

कोल्हेमाळ, १५ जानेवारी

चि. पुष्पावती हिस आशीर्वाद.

वि. वि. पोरी, तू मला भर सभेत तोंडघशी पाडलेस! पारावर उभा राहून मी अर्धा तास बोललो, साम्राज्यशाहीपासून ओव्हरसियरपर्यंत कोणाला सोडले नाही. तुझा नकाशा उंच धरला. म्हाताऱ्या साळूबाईने तो निरखला आणि विचारले की मास्तर, ही तर आमची खळी हायेत न्हवं? तारेबाहेरची ती सहाही खळी तिने धन्यांच्या नावांसकट मोजून दाखवली. मार्च म्हणजे सुगी. मधला ठिपका म्हणजे मळणीचे बैल बांधायचा तिवडा! कुणब्याची पोर तू, आणि तुला खळे ओळखू येईना? इंग्रजाच्या पुस्तकात तोफ होती म्हणून तुला तोफ दिसली. मी तरी कुठला शहाणा? तिवड्याभोवती बैल हाकलण्यात बालपण गेले, आणि कागद पाहून भाळलो. ओव्हरसियर पोट धरून हसला आणि म्हणाला की चर ठरल्या जागीच चालेल.

नंतर साळूबाईने घरी येऊन मला सुनावले की गोल काय बघतो बाबा, वाटा बघ. तारेकडेला सरपण वेचताना तिने पाहिले होते, सोजीरसुद्धा एका जागेला लांबून वळसा घालायचे. ती जागा आता तिला दाखवता येत नाही. खुणेचे एकही झाड राहिलेले नाही.

आठवडा उरला आहे. पुन्हा बघ.

रागाखाली जे आहे ते तू ओळखतेसच.

तुझा मामा,
काकासाहेब

*

पुणे, १८ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस सा. न. वि. वि.

तुमचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. वाटा पाहिल्या. बराकींपासून निघणाऱ्या पायवाटा सरळ जातात. एकाच जागी सगळ्या वाकतात. मध्ये मोकळा चौकोन आहे. त्यात एकच गाडीरस्ता शिरतो आणि तिथेच संपतो. शेहेचाळीसचाही एक फोटो मिळाला. त्यात बराकी नाहीत, पण तो चौकोन पांढरा दिसतो, नुकतीच उकरलेली माती दिसावी तसा. मामा, तुमचा चर थेट त्यात चालला आहे.

वरिष्ठांना दाखवले. ते म्हणाले की फोटो गुप्त आहेत, तू काही पाहिले नाहीस. इंग्रज जाऊन पंचवीस वर्षे झाली, मग हे लपवायचे कोणापासून? गोजरबाईपासून? मी टिपण लिहिले आणि खाली सही केली. एक प्रत लष्कराकडे गेली, दुसरी सोबत आहे. सभेत वाचा, आणि माझे नाव मोठ्याने घ्या.

आशीर्वाद असू द्यावा. आता त्याची गरज पडेल.

आपली,
पुष्पा

*

कोल्हेमाळ, २७ जानेवारी

चि. पुष्पावती हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. बावीसला मी भाषण केले नाही. तुझे टिपण वाचले, नाव घेतले आणि खाली बसलो. साळूबाई त्या चौकोनावर जाऊन बसली, मागोमाग सगळ्या बाया. त्यांनी ओव्हरसियरला बजावले की खांदायचं आसंल तर पयली कुदळ तू मार. त्याने मारली नाही. तिसऱ्या दिवशी लष्कराची गाडी आली. हातभर खाली कुजक्या पेट्या होत्या. एकशे अठरा गोळे निघाले.

वर्तमानपत्रात छापून आले की तालुका कचेरीच्या दक्षतेमुळे अनर्थ टळला. तुला मात्र कामावरून कमी केले, हे तुझ्या आईच्या पत्रातून कळले. दक्षतेचे हे बक्षीस!

काल ओव्हरसियर गोजरबाईकडे कागद घेऊन आला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असा मजकूर. अंगठा दिला की नाव पुन्हा हजेरीपटावर. उजवा हात पट्टीत पाहून तो म्हणाला की डावा चालेल. तिने डावा हात पुढे केला आणि मूठ आवळली.

तू ये. आपण दुसरा कागद लिहू, कोणी काय लपवले ते नावानिशी. त्यावर ती अंगठा देणार आहे.

तुझी वाट पाहणारा मामा,
काकासाहेब