उंदरांचा नंबर आधी

२ नोव्हेंबर, रविवार

नागीण सुकली, खपल्याही पडल्या. कळ मात्र डाव्या बरगडीखाली मुक्कामाला राहिली आहे. हाताने दाबलं तर काही नाही. पदर नुसता घासला की वीज. म्हणून दिवसभर ढगळ गाऊन. जन्मभर कडक इस्त्रीच्या साड्या नेसून शाळेत विज्ञान शिकवलं, आता गाऊनवर दूध घेते. दूधवालाही बघत नाही, हा त्याचा चांगुलपणा.

शेजारची कुसुम डोकावली. "तोंड अन् शेपूट भेटले नाही, बाई. गेरूनं अडवली मी तिले."

तापात पडले होते तेव्हा हिने माझी पाठ-पोट गेरूने सारवून ठेवली. डॉक्टरांना जे बघायचं ते लाल मातीखाली. ते धुऊन, बघून, गोळ्या सुरू होईपर्यंत आठवडा गेला. आणि श्रेय गेरूला.

मी काही बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले. ती चहा अर्धा टाकून गेली.

५ नोव्हें.

झोप बरी. धान कापणी सुरू, सकाळी हवेत पेंढ्याचा वास. लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, दुःख देवाला अर्पण करावं. आपल्याला नको ती वस्तू देवाला देणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

९ नोव्हें., रवि.

पल्लवी आली, धाकट्या बहिणीची मुलगी. नागपूरला प्रयोगशाळेत औषधं शोधते. वरठी स्टेशनला गाडीतून उतरून ऑटोने आली, ऑटोवाल्याशी भांडून. माझ्यावर गेली आहे.

तिचं काम म्हणजे माझाच आजार. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, त्यात नागिणीचा विषाणू सोडायचा, मग एकेक पदार्थ घालून बघायचा. एक पदार्थ विषाणूला आवरतो, आणि नसांची कळही कमी करतो असं वाटतंय. सध्या उंदरांवर चालू आहे.

मी म्हटलं, मला दे.

"मावशी, ते अजून औषध नाहीये."

"उंदरांना चालतं?"

"त्यांच्यासाठी परवानगी आहे."

म्हणजे नळासारखं झालं. कर मी भरायचा, पाणी आधी उंदरांना. जेवताना तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तिने वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली, मग राग टिकवणं कठीण झालं.

१२ नोव्हें.

प.चा फोन. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी उंदरांचा निकाल. फरक दिसला नाही तर हा पदार्थ कपाटात जाणार, आणि तिची एवढ्या वर्षांची मेहनतही. हे हसत सांगितलं. हसली म्हणजे घाबरली आहे, लहानपणापासून तसंच.

काम बंद झालं तर माझं औषधही गेलं.

१६ नोव्हें., रवि.

प. एका डबीत नायलॉनचे केस घेऊन आली. बारीक, जाड, प्रत्येक एका दांडीला चिकटवलेला. उंदराला जाळीवर उभं करायचं, खालून तळव्याला केस टेकवायचा, कोणत्या केसाला पाय उचलतो ते लिहायचं. कळ असलेला बारीक केसालाही उचलतो.

मी म्हटलं, घे माझी परीक्षा. उंदरांपेक्षा मी जास्त लायक आहे हे एकदा कळू दे. तिने डोळे मिटायला लावले.

"दुखलं?"

"दुखलं."

"आता?"

"फार."

"आता?"

"आई गं."

"मावशी, शेवटचे दोन मी टेकवलेच नव्हते."

डोळे उघडले तर डबीला झाकण लावून बसली होती. इतक्या वर्षांत किती पोरांच्या कॉप्या पकडल्या मी. त्यांच्यापैकी कोणी हे बघायला नव्हतं, एवढंच बरं.

"उंदीर बरे," म्हणाली. "त्यांना औषध हवं नसतं. आणि कोणाला काय दिलंय ते मलाही माहीत नसतं. कळलं तर माझा हात खोटं बोलेल."

मग नीट परीक्षा दिली. खरी दुखरी जागा तिने पेनने आखली. तळहाताएवढी निघाली. मी सगळ्यांना अर्धं अंग सांगत होते.

१९ नोव्हें.

पेनची रेघ अंघोळीत पुसट होतेय. तिच्या आत दुखतं, बाहेर नाही. बाहेर बरीच जागा आहे. आज तास-दोन तास साडी नेसले.

२४ नोव्हें., सोम.

दुपारी फोन.

"आजाराच्या सुरुवातीलाच दिलेल्या उंदरांना फरक आहे. कळ बसल्यावर दिलेल्यांना नाही. नुसतं पाणी दिलेल्यांसारखेच ते." मग, "तुला नाही गं उपयोग, मावशी."

"माझं सोड. बंद करतायत का?"

"नाही. सर म्हणाले, नवे उंदीर घेऊन पुन्हा करून बघा. एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये."

"बरं."

फोन ठेवून अंगणात बसले. उंदरांनाही उशीर चालत नाही तर. खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही. कुसुमवर थोडा आला, पण चहा होईपर्यंत तोही गेला.

२७ नोव्हें.

सकाळी दारात कुसुम. एका हातात गेरूची वाटी, दुसऱ्या हाताने एका बाईला धरलेलं.

"हे माही नणंद, आंधळगावची. कालपासून कमरेले फोडं उठून राहिले. आधी गेरू लावू का तुमच्या डॉक्टरले दाखवू? तुमी तं मले त्या दिवशी इतक्या बोलल्या."

"मी काहीच बोलले नव्हते."

"हो, तं चहा मी कायले टाकला?"

नणंद म्हणाली, "गाडीत बसूनच भांडा ना वो."

साडी नेसले. पदर घासायचा तेवढा घासला. डॉक्टरांनी फोड बघितले आणि गोळ्या तिथेच सुरू. म्हणाले, वेळेवर आणलंत. कुसुमने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही त्या गोळ्या तिनेच शोधल्या.

३० नोव्हें., रवि.

प.चे नवे उंदीर उद्यापासून. नणंदेचे फोड सुकायला लागलेत. कळ राहते की जाते ते पुढे कळेल. माझी तळहाताएवढीच आहे.

गेरूची वाटी अजून माझ्या ओट्यावर. कुसुम रोज येते, चहा पूर्ण पिते, वाटी नेत नाही. मीही आठवण करून दिलेली नाही.