रीकेल्तचं जाकीट

उर्क, १५ नोव्हेंबर

प्रिय खेर्त्ये,

तू बरी असशील. इकडे वारा फार, कपडे घरातच वाळवते आहे. मटारचं सूप केलं. एकटीला पातेलंभर झालं.

पक्षाघातानंतर लुब्बर्तकाकांना बोलता येत नाही, म्हणून दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जाते. उपचार करणाऱ्या बाईंनी शिकवलंय, आपले जोडून केलेले लांब शब्द तुकडे पाडून टेबलावर ठोकायचे. जोराच्या तुकड्यावर मूठ, बाकीच्यांवर नुसतं बोट. मी वाचनालयातून पुस्तक आणून पाहिलं. जोर बहुतेक पहिल्या शब्दावरच पडतो. आ-पल-तार्त. सफरचंदाचा केक.

"हा गप्प आहे तोवर घरात शांतता आहे, कशाला बिघडवतेस?" दिर्क्येकाकू म्हणाली. काकांनी तिला मूठ दाखवली. हसलो आम्ही.

मग मी म्हटलं, "रे-खन-यास." रेनकोट.

त्यांनी मूठ आपटली. "रे... रे-दिंग्स-फेस्त."

लाइफ जॅकेट!

"नाही हो भाऊजी, रेनकोट."

पुन्हा मूठ. कप उडाला. तोच शब्द, स्वच्छ. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "रीकेल्तचं."

खेर्त्ये, मला काही कळेचना. बोट बुडाली तेव्हा काका जाकीट घालून परत आले, तुझे बाबा आलेच नाहीत, नुसता देह सापडला. रीकेल्तनं हट्टानं घातलं नाही, असं काकांनी सांगितलं आणि आपण मानलं. त्याच रागानं तू बाबांच्या थडग्याकडे फिरकत नाहीस. मीही मनात त्यांच्याशी भांडतच आले.

"मग तुमचं कुठं होतं?" मी विचारलं.

त्यांनी दारामागच्या खुंटीकडे बोट केलं. घरीच राहिलं होतं.

"त्यांनी स्वतःचं काढून दिलं तुम्हाला?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली आणि रडायला लागले.

"आजारी माणूस, भलताच शब्द आला असेल गं," काकू म्हणाली. पण माझ्याकडे बघेना. तिला ठाऊक होतं. चर्चमध्ये एका बाकावर बसतो आम्ही!

कोट न घालताच मी घरी आले. राग यायला हवा. अजून आलेला नाही.

गुरुवारी मी पुन्हा जाणार आहे. जाकीट देताना बाबा काय म्हणाले, ते सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. माझ्याशेजारी तू बसायला हवीस. ये.

तुझी आई,
आणि रीकेल्तची बायको