ब्रिनला पाहायला आलेले प्रशिक्षक

डब्यूक, ३ ऑक्टोबर

प्रिय कॉलीन हिस,
अ. आ. वि. वि.

ब्रिन रविवारी घरी सुखरूप पोचली असेलच. इथे असताना तिने मी भाजलेल्या भोपळ्याच्या गोड ‘पाय’ला हातही लावला नाही. मला वाटलं, आपल्याच हाताची चव गेली. पण पोरगी दोन्ही दिवस पडदे ओढून निजून होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मागच्या फुटबॉल सामन्यात डोक्याने चेंडू मारताना कुणाचं तरी कोपर लागलं. तेव्हापासून डोकं ठणकतं आणि पुस्तकातल्या ओळी हलतात. आईला सांगू नकोस, अशी शपथ घातली तिने. मी ती मोडते आहे. तिला डॉक्टरकडे ने. सोळा वर्षांची तर आहे, कॉलेज कुठे पळून चाललंय?

तुझ्या डगला आठवण सांग, धाकट्या टिलीला पापा. आहेस तशीच माया ठेव.
तुझी ताई,
वेर्ना

नेपरविल, ११ ऑक्टोबर

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग ब्रिनलाच विचारलं. ती हसली, म्हणाली मावशी उगाच जीव टाकते. तिच्या फुटबॉल क्लबच्या माणसानेही चार प्रश्न विचारून तिला खेळायला मोकळं केलंय.

कॉलेज पळून जात नाही, पण संघासाठी मुली निवडायला येणारे कॉलेजांचे प्रशिक्षक जातात गं. नोव्हेंबरात ॲरिझोनाला मोठी स्पर्धा आहे. बावीस मुलींमागे चाळीस कॉलेजांचे लोक खुर्च्या टाकून बसतात. तिचे मार्क बेताचे. एखाद्या प्रशिक्षकाने नाव घेतलं तरच चांगल्या कॉलेजचं दार उघडेल. नऊ वर्षांची होती तेव्हापासून आमचा एकही शनिवार आमचा नव्हता. आता शेवटच्या पायरीवर तिला घरी बसवू? तुला मूल असतं तर कळलं असतं.

हे लिहायला नको होतं. पण खोडत नाही, कारण मनात आहे.
रागावलीस तरी पत्र टाक.
कॉलीन

फिनिक्स, २४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार वगैरे काही सुचत नाही. ॲरिझोनातल्याच इस्पितळातून लिहिते आहे.

सामन्याच्या उत्तरार्धात ब्रिन चेंडूसाठी उसळली आणि समोरच्या मुलीचा खांदा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली आणि चेंडू घेऊन आपल्याच गोलकडे धावत सुटली. आजूबाजूचे आईबाप हसले. ताई, मीही हसले. ओरडले, उलटी चाललीस, वेडाबाई! मग तिचे गुडघे दुमडले.

तिला उचलून नेत होते तेव्हा प्रशिक्षकांनी खुर्च्या घडी केल्या आणि पलीकडच्या मैदानावर गेले. त्यांचं तरी काय चुकलं, तिथेही सामना होता. डग माझ्याशी बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिला मार बरा झालेला नव्हता, त्यावर हा दुसरा. ती मला ओळखते. तेवढंच सध्या.

कॉलीन

नेपरविल, फेब्रुवारी

प्रिय मावशी,
नमस्कार.

हे पत्र मी रोज दोन-तीन ओळी असं लिहिते आहे, म्हणून तारीख घातली नाही. जास्त लिहिलं की ओकारी येते. मोबाइल तर बघूच देत नाहीत.

शाळेत मी रोज एक तास जाते, काळा चष्मा लावून. सगळे फार चांगले वागतात, ते नको वाटतं. मागच्या वर्षी शिबिराला बोलावणाऱ्या एका कॉलेजने ‘बरी हो’ असं लिहिलंय, पुढे काही नाही. तू शपथ मोडलीस म्हणून मी रागावले होते. आता वाटतं, आईने विचारलं तेव्हा मीही मोडायला हवी होती.

आई रात्री मला इतिहास वाचून दाखवते. कधीकधी वाचताना थांबते, आणि मी झोपल्याचं सोंग घेते, म्हणजे तिला रडता येईल.

पण एक सांगायचंय. क्लबने टिलीला निवडीसाठी बोलावलंय, येत्या महिन्यात. ती आठ वर्षांची आहे. मला वाटलं आई नाही म्हणेल. काल तिने टिलीला नवे बूट आणले. बाबा जेवणाच्या टेबलावरून उठून गेले. आई म्हणाली, तिच्या वयाला डोक्याने चेंडू मारायची बंदीच आहे, आणि पोरीचा डावा पाय फार सुरेख आहे.

तो खरंच सुरेख आहे, मावशी.

तू निवडीच्या आधी ये. फोन करू नकोस, फोनवर आईच जिंकते.

तुझी,
ब्रिन