मिठाच्या एका कणातली चूक

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शाळेच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं सहायक, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे सगळे वर गेले; एक उरलाय, तो फोन करत नाही.

१. काचेच्या पेटीतला माझा तराजू शाळेला द्यावा. तो ओल्या फडक्याने पुसणाऱ्याचं कधी भलं होणार नाही. हे वाक्य कायद्यात बसत नसेल तर वकिलांनी खोडावं.

२. बँकेतली शिल्लक आजारपणात माझं सगळं करणाऱ्या नर्सबाईंना. नातेवाइकांनी मध्ये तोंड घालू नये.

३. राहतं घर. आईवडिलांचं दुखणं मी काढलं, म्हणून वडिलांनी ते माझ्या नावावर केलं. त्यावर माझ्या धाकट्या भावाचा, प्रोफेसरसाहेबांचा, डोळा आहे. त्याबद्दल सविस्तर लिहिते.

एका दुपारी जेवताना तो म्हणाला, "ताई, अणू म्हणजे किती, हे पोरांना कळतच नाही गं. नुसती शून्यं पाठ करतात." मी चिमट्याने मिठाचे हजार कण मोजले, तोलले, भागाकार केला आणि एका कणातले अणू वहीत काढून दिले: सहावर सतरा शून्यं. मग हुरूप आला, थेट सूर्यापर्यंत गेले: एकावर सत्तावन्न शून्यं. वही तो घेऊन गेला. वर्षभरात त्याचं पुस्तक आलं. पहिल्याच पानावर मिठाचा कण, "मला एकदा जेवताना सुचलं." माझं नाव कुठेच नाही.

ते पान वाचताना माझीच चूक माझ्या लक्षात आली. मिठात सोडियम आणि क्लोरीनची जोडी असते. मी जोड्या मोजल्या होत्या, अणू नव्हे! खरा आकडा दुप्पट, बारावर सतरा शून्यं. सेकंदाला एक मोजला तरी अडतीसशे कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय त्याच्या निम्मंही नाही.

सांगायला धावत त्याच्या सत्काराला गेले. त्याने पाहुण्यांना ओळख करून दिली, "ही आमची ताई. घर बघते." चूक न सांगताच मी परत आले.

एकोणीस वर्षं, नऊ आवृत्त्या झाल्या. साहेबांनी एकदाही पडताळून पाहिलं नाही. हजारो मुलं निम्मा आकडा शिकली, त्याची मला लाज वाटते. राग तरीही गेलेला नाही.

घर त्यालाच मिळावं, पण माझ्यामागे वर्षभरात पुस्तकात दुरुस्ती छापली तरच. नाहीतर तेही शाळेला.

साक्षीला आलेल्या शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, मग खरा आकडा तुमच्या नावाने छापायला सांगा ना!"

नको. खरा आकडा त्याने खुशाल स्वतःच्या नावावर ठेवावा, तो कुणालाही काढता येतो. चूक मात्र माझी आहे. ती माझं पूर्ण नाव घालून छापावी: "ही चूक माझ्या बहिणीची. मी ती जशीच्या तशी उतरवली."

वरचा मजकूर मी स्वतः वाचून, दोघांसमक्ष सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई २. शाळेचे निवृत्त शिपाई
स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: ४ मार्च