दोन रिंगांचं पेटंट

१४ जानेवारी २०२५, संक्रांत. सकाळी ८.
पूजा झाली. गिरणीच्या बाकावर दळणाचे डबे सोळा. गेल्या संक्रांतीला बत्तीस होते. तिळगूळ गोड लागला नाही.
कारण लिहून ठेवतो, पुढे कोर्टात उपयोगी पडेल. माझ्या बायकोचा, नीलाबाईचा, सख्खा भाऊ उमाशंकर. त्याने उदगिरात माझ्याच मागच्या गल्लीत गिरणी टाकली, ते मी सहन केलं. आता त्याने मोबाईलवर ॲप काढलं आहे. घरबसल्या नंबर लावायचा. दळण झालं की मोबाईल एकदा वाजतो, लाईट गेली की दोनदा.
ही माझी युक्ती आहे. बारा वर्षं मी गिऱ्हाइकांना मिस्ड कॉल देतो. एक रिंग म्हणजे दळण झालं, या. दोन रिंगा म्हणजे लाईट गेली, येऊ नका. अख्ख्या उदगिरात हे कुणाला सुचलं नव्हतं.
ॲप बनवलं अक्षराने. ती आमच्या जुन्या गिऱ्हाईक दानम्माची नात, कॉम्प्युटर इंजिनिअर.
संकल्प: बदला घ्यायचा. उमाशंकरचं नाव तोंडातून काढायचं नाही. ते ॲप उघडूनसुद्धा बघायचं नाही.

१५ जानेवारी.
काल दिवसभरात उमाशंकरचं नाव अकरा वेळा घेतलं. नीलाबाई मोजत होती. दुसरा संकल्प उद्यापासून.

२० जानेवारी, सोमवार.
महादेवाला बेल वाहिला. म्हणालो, देवा, कुणाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही. फक्त उमाशंकरच्या गिरणीच्या मोटारीचा पट्टा तुटावा. गर्दीच्या वेळी.
संध्याकाळी त्याच्या दारावरून सहज गेलो. तीनदा. पट्टा शाबूत. नवीन बोर्ड लागला आहे. त्यावर ॲपच्या खाली लाल अक्षरात लिहिलं आहे: पेटंटसाठी अर्ज केलेला आहे.
माझ्या घरातली वस्तू नेली आणि वर तिला स्वतःचं कुलूप लावलं. जेवण गेलं नाही. दीडच भाकरी खाल्ली.

२९ जानेवारी.
गिरणी बंद ठेवून नांदेडला गेलो. विष्णुपुरीला राहणाऱ्या धम्मप्रिया मॅडम कॉलेजात शिकवतात, त्यांना पेटंटचं कळतं असं ऐकलं होतं. वय माझ्या पुतणीएवढं. पण माहिती पक्की.
त्या म्हणाल्या, काका, नुसत्या सॉफ्टवेअरला आपल्या कायद्यात पेटंट नाही. धंद्याच्या पद्धतीलाही नाही. आणि त्या कामातल्या माणसाला सहज सुचेल अशी गोष्ट असेल, तर नाहीच नाही. मग विचारलं, तुमच्या बाकावर बसलेल्या एखाद्या बाईला हे सुचलं नसतं का?
मी म्हणालो, मॅडम, बाया बारा वर्षं बाकावर बसून राहिल्या, एकीलाही सुचलं नाही.
त्या हसल्या. म्हणाल्या, अमेरिकेत एका कंपनीने एकदाच बटण दाबून सामान विकत घ्यायचं पेटंट घेतलं होतं. लोक अजून भांडतात, ती अक्कल होती की साधी गोष्ट.
परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून विचार केला. एक बटण दाबायला पेटंट मिळतं, तर दोन रिंगांनी काय पाप केलं? मुखेडच्या पुढे वेगळाच विचार आला. रात्रंदिवस डोकं झिजवून कुणी काही शोधलं, तर त्याची राखण व्हायलाच पाहिजे. पण उद्या रांगेत डबा ठेवण्याचं पेटंट कुणी घेतलं, तर गरिबाने दळावं कुठे? विचार चांगला होता. तेवढ्यात उमाशंकर आठवला आणि विचार मोडला.
निघताना मॅडमनी एक गोष्ट सांगितली होती. दुसऱ्याच्या अर्जाला विरोध करता येतो. युक्ती आधीपासून लोकांच्या वापरात होती, याचा तारखेनिशी पुरावा द्यायचा.
तारीख! माझ्याकडे दुसरं आहे काय? एकोणतीस वर्षांच्या रोजनिशा आहेत.

३० जानेवारी.
रात्रीत निर्णय झाला. मला पेटंट नको. उमाशंकरला मिळू नये, एवढंच पुरे. त्यासाठी युक्ती अगदी साधी आहे, असं सिद्ध करावं लागेल. आजपासून ती अगदी साधी आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार.
डबे नऊ. उमाशंकरला आणि अक्षराला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. मजकूर मीच लिहिला: सदर युक्ती कुणाही शेंबड्या पोराला सुचेल अशी आहे. तिच्यात काही विशेष नाही. तिच्याशी माझं नाव मी जोडत नाही व कुणी जोडू नये. वाचताना अंगावर काटा आला.
नीलाबाई म्हणाली, अहो, मागच्या गल्लीत पोस्टाने काय पाठवून राहिले? चालत जाऊन द्या, चहा पिऊन या.
बायकांना कायदा कळत नाही. बदला चालत जाऊन घेत नसतात.

१० फेब्रुवारी.
डबे पाच. त्यातला एक दानम्माचा, कडीला लाल दोरा बांधलेला. नात शत्रूकडे, डबा माझ्याकडे. अशा बाईला काय म्हणावं?
ती म्हणाली, मल्ल्या, पोरीचं ते ॲप बघितलास का? मी म्हणालो, न्हाई, अन् बघणार बी न्हाई. ती म्हणाली, अरे बघ तर बाबा, तुला बरं वाटंल.
डाव ओळखला. उघडलं नाही.

१८ फेब्रुवारी.
माळ्यावरून रोजनिशा काढल्या. २००९ उंदरांनी खाल्ली. २०१२ सलामत. देवाचीच कृपा. नीलाबाईला समोर बसवून मोठ्याने वाचायला लागलो.
२ नोव्हेंबर २०१२: "आज मला एक नवीन कल्पना सुचली. दळण झालं की मिस्ड कॉल द्यायचा. फुकटात निरोप."
म्हणालो, हा घे पुरावा. नीलाबाई मागची पानं चाळत होती. तिने एक पान पुढे केलं.
९ जून २०१२: "दानम्मा म्हणाली, मल्ल्या, दळण झालं की मला एक मिस्ड कॉल दे, लाईट गेली तर दोन दे, म्हणजे हेलपाटा पडणार न्हाई. मी म्हणालो, ही गिरणी आहे का टेलिफोन ऑफिस? बाईमाणूस काहीही बोलतं."
अक्षर माझंच.
नीलाबाईने रोजनिशी माझ्या मांडीवर ठेवली. उठून कणीक मळायला गेली. मळताना तिचे खांदे हलत होते. कणीक घट्ट असावी.

१९ फेब्रुवारी.
पान फाडायला घेतलं. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लागला. ठेवून दिलं.
पुरावा म्हणून तर उलट जास्तच चांगला आहे. पाच महिने अगोदरचा. उमाशंकर नक्की हरतो. फक्त त्यात मीही येतो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र.
निरंकार उपास. मन घट्ट केलं. पान खिशात घालून देवळात गेलो. दर्शन झाल्यावर उमाशंकरला पायऱ्यांवर गाठलं. म्हणालो, तुझा पेटंटचा अर्ज आता टिकत नाही.
तो म्हणाला, कुठला अर्ज दाजी? बोर्डावर पेंटरनं लिवलंय ते. त्योच म्हणाला, खाली जागा उरली हाय, कायतरी भारी टाकू. म्हणलं टाक.
पान खिशातच राहिलं.
बाजूला अक्षरा उभी होती. म्हणाली, काका, नोटिशीप्रमाणे सगळं केलं बरं का. मी विचारलं, काय केलं? तिने मोबाईल पुढे धरला. ॲप आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. पहिल्याच पानावर होतं: मूळ कल्पना, दानम्मा आजी. खाली थोडी कोरी जागा.
ती म्हणाली, इथं तुमचं नाव होतं. पहिला वापर, मल्लिनाथ काकांची गिरणी, उदगीर. पहिल्या दिवसापासून होतं. नोटीस आली म्हणून काढलं. आजीला विचारलं, तुझं पण काढू का? आजी म्हणाली, त्याला नको आसंल, मला पायजे.
मी म्हणालो, परत घाल.
ती म्हणाली, घालते ना काका. फक्त तसं लेखी द्या. रजिस्टरनं.
उमाशंकर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी. सकाळी ९.
उपास सोडला. पोस्ट ऑफिस दहाला उघडतं.
बाकावर डबा एक. लाल दोऱ्याचा. दळला. दानम्माला एक रिंग दिली.
तिने उचलला. मिस्ड कॉल उचलायचा नसतो, हे तिला माहीत आहे. म्हणाली, काय रे मल्ल्या, गिरणी हाय का टेलिफोन ऑफिस?